सगळे आलेत का?

भांबुर्ड्याचा वास आला की माझी मान खाली जाते. थंडी मुरली की हा पाला रोह्यात कुठेही दिसतो. शेताच्या बांधाला, कालव्याच्या कडेला, गावाला लागलेल्या वरशात नव्या इमारतींच्या मधे राहिलेल्या रिकाम्या प्लॉटांत. पायाखाली आला की उग्र वास सोडतो आणि तो वास पँटीला चिकटून घरात येतो. त्याच सुमारास बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग लागतात, उन्हं कलली की शेताशेतांतून धूर वर चढू लागतो. पोपटीचे दिवस.

ज्यांनी पोपटी खाल्लेली नाही त्यांना सांगायला हवं. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला दाबायचा. वर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधे अंडी, बटाटे, जमलं तर कोंबडी. तोंड पुन्हा पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा आणि काटक्या रचून पेटवायचं. आत पाण्याचा थेंब नाही. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. मग मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा. चर्र आवाज आला की झाली.

यंदाही बायकोने विचारलं, "करायची ना?" मी दरवर्षीसारखं "बघू" म्हणालो. पंधरा वर्षं ती हे ‘बघू’ ऐकते आहे. त्याचं कारण तिला ठाऊक नव्हतं. या हिवाळ्यापर्यंत ते कुणालाच ठाऊक नाही असं मी धरून चाललो होतो.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान. तेव्हा वीसेक घरं होती. बहुतेक धाटावच्या कंपन्यांत कामाला आलेली नगर-जालन्याकडची ख्रिस्ती कुटुंबं, एक नर्सबाई, दोन शिक्षक. वरशाला पांडूकाका नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शेताला लागून पत्र्याचा एक हॉल होता, तेच आमचं मंदिर. पहिल्या रविवारी बाहेरगावचे पाळक यायचे आणि प्रभुभोजन व्हायचं. एक भाकर, एक प्याला. प्याल्याला चांदीचा मुलामा होता. द्राक्षरसाचा तो प्याला पाळक मागच्या ओळीपासून कड पुसत पुसत एकेकाच्या ओठाला लावत यायचे.

भाकर मोडण्याआधी ते मंडळीच्या सेक्रेटरीकडे बघून विचारायचे, "सगळे आलेत का?" सेक्रेटरीने खिडकीतून वाटेवर नजर टाकायची आणि उत्तर द्यायचं. कुणी वाटेत असेल तर एक गीत जास्त गायचं आणि थांबायचं. शिफ्टवाल्यांची मंडळी, म्हणून कुणीतरी जुन्या माणसाने घालून दिलेली ही रीत. त्या वर्षी सेक्रेटरी मी होतो.

त्या प्याल्याबद्दल माझे वडील एक गोष्ट सांगत. माझ्या आजोबांना त्यांच्या गावात पाणी प्यायचं असेल तर ओंजळ करून उकिडवं बसावं लागे आणि वाढणारा हात वर धरून वरून धार सोडी. ते ख्रिस्ती झाले आणि पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसले तेव्हा पाळकांनी प्याला पुढे केला, तर आजोबांनी सवयीने ओंजळ धरली. पाळक थांबले. त्यांनी आजोबांचे हात हलकेच खाली केले आणि प्याला ओठाला लावला. वडील सांगत, "बाबा त्या दिवशी घरी येऊन ओठ पुसायला तयार नव्हते." मी ही गोष्ट रविवारच्या शाळेत मुलांना कितीतरी वेळा सांगितली आहे. ख्रिस्तात धनी आणि गडी, वरचा आणि खालचा असा भेद उरत नाही, हे शिकवताना ती फार उपयोगी पडते. सांगताना माझा आवाजही भरून यायचा.

आणि त्याच मंडळीत हिराबाई यायची.

हिराबाई आणि तिचा नवरा नामदेव पेणच्या पलीकडे, खाडीकाठच्या गावातले. मिठागरावर काम करायचे. नामदेवच्या लांबलेल्या दुखण्यात आमच्या नर्सबाईंनी त्यांना जीव लावला, तेव्हापासून ती दोघं आमच्याकडे येऊ लागली. पेणहून नागोठण्यामार्गे एसटी, मग रोह्याच्या स्टँडवरून वरशापर्यंत पायी. हिराबाईच्या अंगावर कायम एक खारट, उन्हात वाळलेला वास असायचा. तळहात चिरलेले, थंडीत ओठही फुटलेले. बोलणं खारेपाटातलं, म्हणजे तिकडच्या खाडीपट्ट्यातलं, गाडीची गारी आणि वेळेचा येल करणारं. मला ती शेक्रेटरीभाऊ म्हणायची.

ती दोघं बहुधा उशिरा यायची. मी एकदा वेळेबद्दल बोललो, तेव्हा ती हसून म्हणाली, "काय करू भाऊ, भरतीला आयतवार ठाव नाय. पानी आत घेतल्याबिगर निंगता येत नाय."

"जरा लवकरची गाडी पकडा."

"लवकरची गारी पकरली तर मीठ कोन पकरंल? आनि मिठाबिगर तुमची पोपटी कशी लागंल?"

सगळे हसले. मीही हसलो. पण मला तिचं ते उत्तर देणं थोडं बोचलं, हे आज कबूल करतो.

तिने मागे काय सोडलं होतं हे मी तेव्हा कधी मोजलं नाही. गावच्या जुन्या उतरंडीत तिची माणसं माझ्या आजोबांच्या कितीतरी वर. ती आमच्यात येऊन आमच्या प्याल्याला ओठ लावते म्हणून भावकीत टोमणे व्हायचे, लग्नकार्यात तिला चुलीपाशी कुणी बोलवेना. हे नामदेवने एकदा सहज सांगितलं होतं, पावसापाण्याचं बोलावं तसं. ती आपली पायरी उतरून आमच्या शेजारी बसली होती, आणि आम्ही दोन पिढ्यांत एवढे वर चढलो होतो की ती आम्हाला खाली दिसत होती.

त्या थंडीत आमच्या कंपनीतले एक साहेब मुंबईहून बदलून आले. ते आमच्याच पंथाचे, म्हणून मंडळीला फार आनंद झाला. मला जरा जास्तच, कारण ते माझ्याच विभागात होते. पुढच्या ओळीत त्यांच्यासाठी दोन खुर्च्या मी स्वतः पुसून ठेवायचो. पहिल्या प्रभुभोजनानंतर त्यांच्या पत्नी मला बाजूला म्हणाल्या, "ब्रदर, एक विचारू? गैरसमज नको. त्या मिठागरावरच्या बाई आमच्या आधी होत्या. त्यांच्या ओठांना केवढ्या चिरा. मी नुसता ओठ लावल्यासारखं केलं. काही व्यवस्था नाही का करता येणार?"

त्या वाईट नव्हत्या. खरोखर संकोचून बोलत होत्या. मी म्हणायला हवं होतं की ताई, आपल्या मंडळीत हीच व्यवस्था आहे. आजोबांची गोष्ट तर जिभेवरच असायची. पण मी म्हणालो, "बघतो मी."

बघितलंही. पंचमंडळाच्या बैठकीत आरोग्याचा विषय काढला आणि मुंबईहून लहान लहान प्याल्यांचा ट्रे मागवायचं ठरवून घेतलं. प्रत्येकाला आपला. कुणी विरोध केला नाही. ट्रे यायला महिना-दीड महिना लागणार होता, आणि मधे फेब्रुवारीचा पहिला रविवार होता.

त्या रविवारी आराधनेनंतर पांडूकाकांच्या शेतात मंडळीची पोपटी ठरली होती. वाल त्यांचा, मडकी त्यांची. मीठ आणि पाला आणायचं हिराबाईने आपणहून अंगावर घेतलं होतं. "तुमचा पुरीतला बारीक मीठ नको," ती म्हणाली होती, "पोपटीला आगरातलाच लागतो."

सकाळी साहेब आणि त्यांच्या पत्नी पुढच्या ओळीत. शेवटचं गीत संपलं. पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. "सगळे आलेत का?"

मी खिडकीशी गेलो. बाहेर वालाचं शेत, शेंगांनी लदलेलं, कोवळ्या उन्हात. त्याच्या पलीकडे बांध. आणि बांधावर हिराबाई. डोक्यावर पाल्याचा हिरवा भारा, हातात पिशवी, मागे नामदेव दम खात चाललेला. दोनशे पावलं असतील. एका गीताचं अंतर.

मी पाळकांकडे वळून म्हणालो, "सगळे आलेत. सुरू करा."

एवढंच. ना भांडण, ना अपमान, ना कुणाला बाहेर काढणं. चार शब्द, तेही नम्रपणे. पुढे मी किती प्रवचनं ऐकली, पण प्रेषिताने एका जुन्या मंडळीची केलेली कानउघाडणी वाचली जाते तेव्हा मी अजून वर पाहू शकत नाही. तिथेही खाऊनपिऊन सुखी माणसं आधी येऊन प्रभूच्या भोजनाला बसत आणि राबणारी मागून येत तोवर ताटं रिकामी असत. त्याने त्यांना कसलं अवघड तत्त्वज्ञान सांगितलं नाही. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, म्हणाला. तेवढंच मला जमलं नव्हतं.

ती दोघं दारात आली तेव्हा पाळक रिकामा प्याला पुसत होते. हिराबाईने भारा पायरीशी उतरवला, पदराने मान पुसली आणि मागच्या चटईवर बसली. आशीर्वाद झाल्यावर ती माझ्याकडे आली.

"भाऊ, झाला?"

"झालं. पाळकांना घाई होती."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरा. फुरच्या म्हैन्याला." आणि पाल्याचा भारा उचलून शेताकडे गेली.

दुपार कलताना मडकी पेटली. धुराला भांबुर्ड्याचा वास, मुलं बांधावरून पळतायत, साहेब हातरुमालाने डोळे पुसत हसतायत. सगळं ठरल्यासारखं छान चाललं होतं. पांडूकाकांनी मडक्यावर पाणी मारलं. चर्र झालं. आम्ही केळीची पानं मांडून भोवती बसलो. पांडूकाका मात्र काठी टेकून उभेच. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "सगळी आली काय?"

मी दचकलो. त्यांना आमच्या रीतीचं काही ठाऊक नव्हतं. ती त्यांची स्वतःची होती, शेतातली.

"आले की काका," कुणीतरी म्हणालं, "उघडा आता, भूक लागलीये."

"मीठवाली खंय हाय?"

हिराबाई नव्हती. नामदेवही नव्हता. नर्सबाई म्हणाल्या, ती दोघं गाडी चुकेल म्हणून स्टँडकडे निघाली असतील.

पांडूकाकांनी काठी मडक्याला आडवी लावली. "मीठ तिचा, पाला तिचा. ती नाय तर मडका उघडायचा नाय. मडक्यातली वाफ पळत नाय, तुमीपन पळू नका. जा रं कोनतरी."

मी उठलो. दुसऱ्या कुणाला उठू द्यायची मला भीती वाटली.

ती रस्त्याच्या कडेला आंब्याखाली सापडली, नामदेवला जरा टेकू देत. मी म्हणालो, "चला ना. पोपटी थांबलीये तुमच्यासाठी."

"थांबली?" तिने विचारलं. "कोन थांबला?"

"पांडूकाकांनी थांबवलीये. मडकं उघडतच नाहीत."

ती उठली. "मंग चला वो," नवऱ्याला म्हणाली, "अन्नाला ताटकलत ठेवू नये."  आम्ही पोचल्यावर काकांनी मडकं उलटं केलं, वाफेचा लोट उठला, शेंगांचा ढीग पानावर पडला आणि सगळे हात एकाच ढिगात गेले. साहेबांच्या पत्नीचाही हात होता त्यात, हिराबाईच्या हाताला लागून. त्यांच्या ध्यानातही आलं नाही. हिराबाईने पहिली मूठ भरली ती माझ्या ओंजळीत टाकली. "घ्या शेक्रेटरीभाऊ. गरम हाय, हात पोलंल."

हात पोळला. माझ्या आजोबांसारखी मी ओंजळ धरली होती, हे नंतर कधीतरी लक्षात आलं.

पुढच्या महिन्यात ट्रे आला. लहान लहान प्याले, चकचकीत, एकसारखे. हिराबाईने आपला प्याला दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिला, प्यायली, जागेवर ठेवला. एप्रिलमध्येही आली. मग पाऊस लागला, मिठागर बंद झालं. पाऊस सरल्यावर ती आली नाही. साहेबांची वर्षभरात बदली झाली. प्याले राहिले. मी निरोप पाठवतो म्हणालो, पाठवला नाही. कंपनीत बढती मिळाली, मुलगी शिकून नोकरीला लागली, मंडळीने मला वडील, म्हणजे पंचमंडळातला पंच, म्हणून निवडलं. नामदेव गेल्याचं नर्सबाईंकडून कळलं, तेव्हाही माझी पहिली पाळी होती म्हणून मी गेलो नाही. पाळी बदलून मिळाली असती.

या जानेवारीत हॉलला रंग द्यायला काढला. कपाटं रिकामी करताना जुन्या टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेला तो प्याला हाताला लागला. मुलामा काळा पडलेला. कडेला, जिथे ओठ लागत, तिथे मात्र मुलामा झिजून आतलं पितळ दिसत होतं. किती ओठांनी ते झिजवलं असेल. मी तिथेच खाली बसलो. रंगारी म्हणाला, "साहेब, चक्कर आली काय?" मी म्हटलं, "व्हय."

पुढच्या सुट्टीला पेणला गेलो. खाडीकडच्या रस्त्याला लागलो तर दोन्हीकडे पांढरे चौकोन, मिठाचे ढीग, काही आगरं ओस पडलेली. हिराबाई आता आगरावर जात नाही. अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. केस पांढरे, हात तेच. मला बघून तिने डोळ्यांवर हात धरला.

"शेक्रेटरीभाऊ ना? म्हातारा झालास रे."

मी बसलो. तिने पाणी दिलं. मी पेला खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. वाटेत दहा वेळा घोकलं होतं, तरी अडखळलो. खिडकी, बांध, भारा, ‘सगळे आलेत’. ती शेंगा सोलत राहिली.

"मना ठाव हाय," ती म्हणाली.

"काय ठाव आहे?"

"मी बघितला ना तुला. खिरकीत उभा होतास, पांढरा शर्ट. मी हात केला. तू आत वललास. मना वाटला, सांगायला गेलास, थांबा म्हनून. मी यांना म्हटला, चला लवकर, आपल्यासाठी थांबलेत."

 तिने शेंगेतले दाणे सुपात टाकले.

"तरी तुम्ही मला पहिली मूठ दिलीत," मी म्हणालो.

"मंग काय करू? तू बोलवाला आलास. लाजला होतास. लाजलेल्या मानसाला आनखी काय मारायचा."

"म्हणून यायचं बंद केलंत ना?"

"नाय." तिने पहिल्यांदा हात थांबवले. "त्या दिसानं नाय. त्या बारक्या प्याल्यानं. एक प्याला होता तवा तुमाला माझी वाट बघायला लागायची. तू बघितली नाय, ती गोष्ट निराली. पन लागायची. प्रत्येकाचा आपला झाल्यावर कोनाचं कोनावाचून अरत नाय. मंग मी यवरी दोन गारी बदलून कोनासाठी यायची?"

निघताना मी विचारलं, येत्या पहिल्या रविवारी याल का. म्हणाली, गुडघे दुखतात, गाडीचा भरवसा नाही, बघीन. माझाच शब्द मला परत मिळाला. फोन नंबर मात्र तिने दिला.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं.  ऐकून ती उठली आणि चिंच आणि राखुंडी घेऊन, मी हॉलमधून आणलेला प्याला घासायला बसली.

फेब्रुवारीचा पहिला रविवार. ट्रे कपाटात ठेवला, टेबलावर प्याला. लोक बघत होते, विचारलं कुणी नाही. आताचे पाळक तरुण आहेत. जुनी रीत त्यांनी नुसती विधीतलं एक वाक्य म्हणून चालू ठेवली आहे. भाकरीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "सगळे आलेत का?" आणि उत्तराची वाट न बघता भाकर उचलली.

"नाही," मी म्हणालो.

त्यांचा हात तसाच राहिला. मी उठून उभा राहिलो आणि मंडळीसमोर तेच सांगितलं जे हिराबाईला सांगितलं होतं. थोडक्यात सांगितलं, नावासकट. मग म्हणालो, "पेणची गाडी यायची आहे. थांबूया."

"किती वेळ, ब्रदर?" पाळकांनी हळूच विचारलं.

"पोपटीला थांबतो तेवढा."

एक गीत झालं. दुसरं झालं. मागे खुर्च्या वाजू लागल्या, कुणी घड्याळ बघितलं, एक लहान मूल झोपलं. मी खिडकीशी उभा होतो. शेत आता निम्मंच उरलंय, पलीकडे चार मजली इमारत, पण बांध आहे. बांधावर कुणी नव्हतं.

पाऊण तास झाला असेल, तेव्हा दारात मोटरसायकल थांबली. आत आला तो रात्रपाळी आणि वर ओव्हरटाइम करून आलेला आमच्यातलाच एक कंत्राटी कामगार, पन्नाशीचा. कंपनीच्या कपड्यांतच. तो दर महिन्याला असाच येतो, सगळं आटोपल्यावर, पायरीवर बसून आशीर्वाद तेवढा घेतो आणि जातो. इतकी वर्षं मी त्याला ‘सगळे’मध्ये धरलंच नव्हतं. टेबलावरची अख्खी भाकर बघून तो दारातच थबकला.

"अजून झालं नाय?" त्याने विचारलं.

"तुमच्यासाठी थांबलोय," पाळक म्हणाले. ते खोटं नव्हतं.

प्याला फिरला. माझ्या आधी त्याचा ओठ लागला, मग माझा. पितळेची किंचित आंबट चव होती.

दुपारी हिराबाईला फोन लावला. म्हटलं, "आला नाहीत."

"गारीच नाय आली वो. स्टँडावर तासभर बसले न घरी आले. तुमचा झाला ना येलेवर?"

"नाही. थांबलो होतो."

"कोनासाठी?"

"तुमच्यासाठी. पाऊण तास. सगळी मंडळी."

 ती हसली, मिठागरावरचं ते मोठ्या गळ्याचं हसणं.

"येरा हायस काय तू," ती म्हणाली. "आता मना यावाच लागंल."